शिवदासचा ऑस्ट्रेलिया आणि दोन धोंडे

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात खोटं बोलणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. जाळ्यात काय आलं, असं विचारल्यावर खरं उत्तर देणारा कोळी अजून जन्माला यायचा आहे. पण ही सगळी खोटी वीतभर, फार तर हातभर. शिवदासचं खोटं एका अख्ख्या खंडाएवढं होतं. आणि गंमत अशी की त्या खंडात तो खरोखरच पंचवीस वर्षं राहून आला होता.

सोळाव्या वर्षी मुंबईहून एका आगबोटीवर तो खलाशी म्हणून चढला. सिडनी बंदराला पोचेपर्यंत त्याला ताप भरला, तिथल्या इस्पितळात त्याला उतरवलं, आणि बरा होऊन बाहेर येतो तो बोट निघून गेलेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या गोऱ्यांनी कायदा केला आणि काळ्या माणसाला आपल्या देशाचं दार लावून घेतलं. दार लागलं तेव्हा शिवदास आत होता. आत होता म्हणून आतच राहिला.

आता कोळ्याचं पोर, समुद्राकाठी काम मिळायला काय हरकत होती? पण नशिबात मेंढ्या होत्या. समुद्रापासून रेल्वेनं दोन दिवस आत, लाल मातीच्या रानात, एक पत्र्याची खोली, एक कुत्रा आणि सहा हजार मेंढ्या. गोरा मालक आठवड्यातून एकदा घोड्यावरून यायचा, मेंढ्या मोजायचा आणि शिवदासला न मोजता निघून जायचा. बोलायला कुणी नाही म्हणून शिवदास मेंढ्यांशी मराठीत बोलू लागला. ओळख राहावी म्हणून त्यानं त्यांना कोळीवाड्यातल्या माणसांची नावं ठेवली. त्यातून एक पंचाईत उभी राहिली. मेंढी कापायची वेळ आली की घास घशाखाली उतरेना. सदाकाकाला कसं खायचं?

हे सगळं त्यानं गावात कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. तिथंच तर सगळं चुकलं.

एकोणीसशे सव्वीस साली, ऐन होळीच्या दिवशी, एक पत्र्याची पेटी आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी घेऊन तो रेवदंड्यात उतरला. आईबाप वारले होते, घरात भावांची पोरंबाळं मावत नव्हती. संध्याकाळी होळीच्या माळावर सगळा कोळीवाडा त्याच्याभोवती जमला. त्याचा लहानपणचा सोबती अनंता, जो आता आगबोटीवरून उतारू आणायला होडी चालवायचा, त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "राजासारका रायलास ना र?"

शिवदासनं मेंढ्यांचं सांगायला तोंड उघडलं. पण शे-दीडशे माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडाकडं मेंढ्यांखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. त्यात पोटात दोन पेले ताडी. तो म्हणाला, "राजा काय, राजाचा बाप!"

मग काय विचारता! दर्याकिनारी त्याचं लाकडी घर होतं. दारात मासे उड्या मारत होते. तिथं बाई बोलायला लागली की पुरुष टोपी काढून उभा राहतो. बायको नवऱ्याच्या हातात हात घालून सगळ्या गावादेखत फिरते. ताटं नवरा घासतो. आणि रविवारी सकाळी तर नवरा बायकोला अंथरुणात चहा नेऊन देतो. यातलं चहाचं तेवढं खरं होतं; मालकाच्या बंगल्याच्या खिडकीतून त्यानं एकदा ते पाहिलं होतं. चहाचं ऐकून बायका ठसका लागेपर्यंत हसल्या. हसली नाही ती एकटी नीरा.

नीराबाई बत्तीस वर्षांची, विसाव्या वर्षीच नवरा दर्यात गमावलेली. बाजारात भेंडीच्या झाडाखालची सावलीची जागा तिची. ती जागा तिच्या आजीकडून आईकडं आणि आईकडून तिच्याकडं आली होती आणि तिच्यावर दुसरं कुणी पाटी टेकवायची छाती करत नसे. नीराचा आवाज असा की तिनं इकडं 'हलवा घ्या' म्हटलं की खाडीपलीकडच्या कोर्लईत लोक पिशव्या शोधायला लागत. तिला आजवर कुणी चहाच काय, पाण्याचा तांब्यासुद्धा नेऊन दिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तिची आई मनुबाई शिवदासला बघायला आली. बघायला म्हणजे तपासायला. शिवदासनं पेटीतून सरकारी कागद काढला. त्यावर त्याचा फोटो होता आणि काळ्या शाईत उमटवलेला पंजा. हा कागद असला तरच परत त्या देशात पाऊल टाकता येत होतं. मनुबाईनं शिवदासचा हात ओढून कागदावरच्या पंज्यावर ठेवला, बोटं जुळतात का ते पाहिलं, आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"बायकोला न्हेता येतं?"

"येतं. पन एकच न्यायची, असा कायदा हाय."

"आनि बाकीच्या कुटं ठेवतात?" मनुबाईनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती पुढच्या मुद्द्यावर आली. "कागूद कवापरत चालतो?"

कागदावर सन एकोणतीसच्या फेब्रुवारीची सत्तावीस तारीख होती. त्या दिवसाच्या आत तिकडच्या जमिनीवर उतरलं पाहिजे, नाही तर दार कायमचं बंद. शिवदासनं सोपं करून सांगितलं, "कालच्या होलीपासून तीन वरसं."

"म्हंजे तिसऱ्या शिमग्यापरत," मनुबाई म्हणाली.

"व्हय," शिवदास म्हणाला. पंचवीस वर्षांत त्याचा तिथीशी संबंध सुटला होता. शिमगा आणि फेब्रुवारी या त्याच्या लेखी एकाच दुकानातल्या वस्तू होत्या.

नीरानं एकच प्रश्न विचारला. "मना न्याल ना?"

"नेईन," शिवदास म्हणाला. त्या क्षणी त्याला वाटलं, तीन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. तोवर ही विसरेल, नाही तर मी मरेन, नाही तर तो देशच बुडेल. परत त्या लाल रानात जायचं नाही, हे तो बोटीवर चढतानाच ठरवून बसला होता. कागद घेतला होता तो मिळत होता म्हणून. पण गावात त्याची सगळी पत त्या कागदावर होती. तो गेला की शिवदास म्हणजे बिनहोडीचा, बिनघराचा, मेंढ्यांचा वास मारणारा एक कोळी. आठ दिवसांत विधवेच्या लग्नाच्या रीतीनं पाट लागला आणि तो मनुबाईच्या घरात घरजावई होऊन राहायला गेला.

लग्नाला आठवडा होतो न होतो तोच धोंड्याचा महिना लागला. धोंड्याचा महिना म्हणजे पंचांगातला जादा महिना, आणि जादा महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, हे कुणाला चुकलंय? पण जावई घरातच बसलेला. मनुबाई रीतीला पक्की. तिनं शिवदासला सकाळीच अनंताच्या घरी हाकललं आणि दुपारी माणूस पाठवून आमंत्रण दिलं. शिवदास टोपी घालून गल्लीतून सासरी आला, तेहेतीस अनारसे आणि पुरण भरलेले धोंडे खाल्ले, आणि रीतीप्रमाणे सासूचा निरोप घेऊन अनंताकडं परत गेला. संध्याकाळी जेवायच्या वेळी पुन्हा घरी.

त्याच महिन्यात त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. मनुबाईनं दर पुनवेला भिंतीवर चुन्याचा एक ठिपका द्यायचं ठरवलं होतं. अशा छत्तीस ठिपक्यांनंतर कागद संपणार, असा तिचा हिशेब. धोंड्याच्या पुनवेला तिनं ठिपका दिला नाही.

"आज ठिपका राहिला का?" शिवदासनं विचारलं.

"धोंडा ह्यो देवाचा महिना," मनुबाई म्हणाली. "सरकारचा न्हाय."

शिवदासनं मान हलवली. देवधर्मात सासूशी वाद घालणं त्याच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं.

इकडं नीरानं मात्र विसरायचं नावसुद्धा घेतलं नाही. उलट ती ऑस्ट्रेलियाच्या तयारीला कंबर कसून लागली. त्यानं सांगितलं होतं, तिकडं काट्यानं जेवतात. नीरानं अलिबागहून दोन काटे आणवले आणि घरात कालवण काट्यानं सुरू झालं. आता ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी. काटा टोचला की तो दोन्ही अंगांनी ओघळतो. नीरा अर्धा तास ताटात त्याचा पाठलाग करी. मनुबाई एका कोपऱ्यात पाचही बोटांनी जेवत म्हणाली, "काट्याचा मासा जल्मभर खाल्ला. काट्यानं मासा खाताना आज पायला."

शिवदासनं तिला घाबरवायला पाहिलं. म्हणाला, तिकडं थंडी जेठात पडते. नीरानं वैशाखाच्या उकाड्यात गोधडी घेऊन निजायची सवय सुरू केली. घामानं गोधडी पिळायची वेळ आली, पण बाई मागं हटली नाही. म्हणाला, तिकडं नारळ नाहीत. यावर नीरा जरा चमकली.

"मंग तितले लोक नारली पुनवेला दर्यात काय टाकतात?"

"काय बी न्हाय."

"आनि दर्या गप ऱ्हातो?"

तिला त्या दर्याची इतकी कणव आली की तिनं अकरा नारळ बरोबर न्यायचं ठरवलं. आता त्या दर्यापर्यंत पोचायला आपल्याला दोन दिवस रेल्वेत बसावं लागतं, हे शिवदासनं कोणत्या तोंडानं सांगावं? त्यानं तर दारात मासे उड्या मारताना दाखवले होते.

सगळ्यात मोठा कहर झाला तो बाजारात. तिकडं दुकानात लोक एकामागं एक उभे राहतात, कुणी घुसत नाही, असं शिवदास एकदा बोलून गेला. दुसऱ्या दिवशी नीरा भेंडीखाली खुर्ची टाकून बसली. पायात कॅनव्हासचे बूट. समोर पापलेटं. आणि म्हणाली, "जो लायनीत उभा ऱ्हाईल त्यालाच मासा. गुड मॉर्निंग."

आधी लोक हसले. मग लक्षात आलं की बाजारात त्या दिवशी पापलेट फक्त नीराकडंच आहे. पहिले उभे राहिले ते पोस्टमास्तर. त्यांच्यामागं एक शनवार तेली, म्हणजे शनवारी घाणा बंद ठेवणारा बेने इस्रायली, हातात तेलाचा डबा. तिसरं कोण, तर बाजारातलं बोकं. ते वासानं आलं आणि तेल्याच्या मागं बसलं. मागून आलेल्या लोकांनी पाहिलं, तिसरा नंबर बोक्याचा आहे. ते मुकाट्यानं बोक्याच्या मागं उभे राहिले. बोक्याचा नंबर आला तेव्हा नीरानं त्यालाही गुड मॉर्निंग केलं आणि एक मांदेली दिली. कायदा म्हणजे कायदा. त्या दिवसापासून रेवदंड्याच्या बाजारात रांग लागू लागली, आणि शिवदास घरी डोकं धरून बसला. एवढी बोलकी, एवढी गर्दीत रमणारी बाई. हिला त्या रानात नेऊन ठेवलं तर हिच्या आवाजाचं काय होईल? महिन्याभरात ही मेंढ्यांना रांगेत उभं करील आणि दुसऱ्या महिन्यात गप्प होईल. नीरा गप्प झालेली त्याच्या डोळ्यांपुढं आली की त्याला रडू येई. तिच्यावर त्याचा जीव जडला होता. खरं सांगायचं तेवढं मात्र त्याला होईना.

दोन वर्षं गेली आणि श्रावणात पुन्हा धोंडा आला. तीन वर्षांत दोन धोंडे! मनुबाई कुरकुरली, पण तेहेतीस अनारसे झालेच. शिवदास पुन्हा अनंताकडं गेला, पुन्हा टोपी घालून आला, पुन्हा जेवला. भिंतीवर त्याही पुनवेला ठिपका पडला नाही.

पुढं पौषात शिवदास तेलाची बाटली घेऊन दुकानात गेला. भिंतीवर नव्या सालाचं कॅलेंडर लागलं होतं. सहज म्हणून त्यानं फेब्रुवारीची सत्तावीस तारीख पाहिली. मग होळी कधी ते पाहिलं. होळी मार्चाच्या पंचवीस तारखेला होती. त्याला आधी वाटलं कॅलेंडरच चुकीचं छापलंय. मग उजेड पडला. इंग्रजी तारीख होती तिथंच राहिली होती आणि सासूच्या दोन धोंड्यांनी शिमगा ढकलत ढकलत महिनाभर पुढं नेऊन ठेवला होता. सासूचा बेत माघाच्या पुनवेनंतर निघायचा होता, म्हणजे बोटीचा एक महिना धरून शिमग्याला बरोबर पोचायचं. तोवर कागद मेलेला असणार. कागद जिवंत असताना पोचायचं तर बोट येत्या आठ-दहा दिवसांत पकडायला हवी होती.

तो घरी आला. नीरा पेटीत नारळ रचत होती, दोन लुगड्यांच्या मधे एकेक, फुटू नये म्हणून. तिनं वर पाहून विचारलं, "तेल आनलंव?"

शिवदासनं तोंड उघडलं. "आनलं," तो म्हणाला, आणि बाटली खाली ठेवून जेवायला बसला. आपण असे वाचू असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची त्याला पंचवीस वर्षांची सवय होती.

पण गप्प बसणं एवढं सोपं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी नीरानं बाजारात सगळ्यांदेखत आपली भेंडीखालची जागा चुलतबहीण नलूला देऊन टाकली. ओटी भरली, खुर्ची दिली, म्हणाली, "ही जागा आता तुजी. माजा सबुद." कोळणीनं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. शिवदास झाडाआड उभा होता. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अगो थांब, देऊ नको! पण ओरडायला धैर्य लागतं आणि ते त्याच्यापाशी नव्हतं.

माघाची पुनव झाली, अनंतानं दोघांना होडीतून आगबोटीवर सोडलं, कोळीवाडा रडला, मनुबाई सगळ्यांत मोठ्यानं. मुंबईत तिकिटाच्या ऑफिसात एक म्हातारे पारशी बावाजी बसले होते. त्यांनी कागद पाहिला, शिवदासचा पंजा पाहिला, चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पाहिला.

"अरे बाबा, आज पंचवीस तारीख हाय," ते म्हणाले. "परवा तुला तिथं उतरायचं हाय. बोटीला तीन आठवडे लागते. पोहत जाणार काय?"

"त्यांना पोहाया येतं," नीरा म्हणाली.

बावाजींनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. मुदत वाढवायचा अर्ज आधी करायला हवा होता, ते म्हणाले. आता अर्ज तिकडं पोचायच्या आत मुदत संपलेली असेल. "नाय होणार, बाई. जाव घरी." शिवदासनं कपाळावर हात मारला. तो त्यानं आधीपासूनच ठरवून ठेवला होता, म्हणून जरा जोरातच बसला.

नीरा काहीच बोलली नाही. ऑफिसातून धक्क्यापर्यंत नाही, धक्क्यावर हमाल अंगावर आला तरी नाही, आगबोट सुटली तरी नाही. डेकवर ती नारळांच्या पेटीवर बसली आणि समुद्राकडं तोंड करून रडू लागली. आवाज न करता. या बाईला आवाज न करता काही करता येतं, हे शिवदासला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं. ज्या गोष्टीच्या भीतीनं त्यानं सगळं केलं, ती गोष्ट त्याच्यासमोर बसली होती. त्याला ते सोसवेना.

"नीरे," तो म्हणाला. "मना म्हाईत व्हतं."

"काय?"

"तारीख. पुसातच कॅलेंडरात पायली व्हती."

ती वळली. मग त्यानं सगळं सांगितलं. पत्र्याची खोली, लाल माती, रेल्वेचे दोन दिवस, कुत्रा कसा मेला ते. "दर्या न्हाय तितं. मासा न्हाय, बाजार न्हाय. तुजा आवाज ऐकाया कोन बी न्हाय. पंचवीस वरसं मी मेंढरांशी बोललो, गो. मना भ्या वाटलं."

"मंग पयल्याच दिसी का न्हाय सांगितलंव?"

"सांगितलं असतं तर माज्याशी पाट लावला असतास?"

नीरानं प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय," ती म्हणाली.

मांडव्याचा किनारा मागं गेला. "जागा दिली मी नलूला," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "नावं कोनकोनची ठेवली व्हती मेंढरांना?"

"सदाकाका. अनंता. जनी. तुजी आई बी व्हती."

"आई?"

"लय ओरडायची."

नीराला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण पेटीतले नारळ हलले.

रेवदंड्याला अनंताची होडी आगबोटीला येऊन लागली. दोनच दिवसांपूर्वी रडून निरोप दिलेली माणसं परत आलेली बघून अनंताच्या हातातलं वल्हंच सुटलं. किनाऱ्याला लागेपर्यंत निम्मा कोळीवाडा गोळा झाला होता. मनुबाई पुढं. "काय र," अनंतानं सगळ्यांदेखत विचारलं, "झालं काय?"

शिवदासनं तोंड उघडलं. या वेळी तो खरोखर खरं सांगणार होता. यावर वाचकानं विश्वास ठेवायला हरकत नाही. पण नीरा त्याच्यापुढं आली.

"मीच नको म्हनलं," ती म्हणाली, कोर्लईला ऐकू जाईल अशा आवाजात. "ते जायाला तयार व्हते. मीच बोटीत पाय ठेवला न्हाय. मना माजा गाव बरा."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मनुबाई मटकन वाळूत बसली. शिवदास काही बोलू लागला तर नीरानं त्याच्या पायावर कॅनव्हासचा बूट दाबला आणि हळूच म्हणाली, "रविवारी अंथरुनात च्या पायजे. भांडी बी तुमी घासायची."

शब्द दिलेली जागा तिनं नलूकडं परत मागितली नाही. नलू रडत घ्यायला सांगत होती तरी नाही. बाजाराच्या टोकाला, उन्हात, ती नव्यानं बसली. शिवदास सकाळी पाटी डोक्यावर घेऊन तिच्यामागं जाई आणि तिच्यावर छत्री धरून बसे. मासे विकायला बसलेला पुरुष रेवदंड्यानं कधी पाहिला नव्हता, त्यामुळं गिऱ्हाईक दुप्पट झालं. संध्याकाळी दोघं हातात हात घालून किनाऱ्यानं फिरत आणि वाळत घातलेल्या बोंबलांआडून पोरीबाळी खिदळत. रविवारी सकाळी शिवदास चहाचा पेला घेऊन आत जाई. पहिल्या रविवारी मनुबाईनं कानांवर हात ठेवले, दुसऱ्या रविवारी शेजाऱ्यांना बोलावून तो प्रकार दाखवला, आणि तिसऱ्या रविवारी म्हणाली, "जावयबापू, माजा बी अर्धा कोप ठेवा."

पण गावानं नीराला सोडलं नाही. सोन्यासारखा नवरा, राजासारखा राहायचा, आणि हिच्या हट्टापायी त्याचा ऑस्ट्रेलिया बुडाला. पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाकार्यात कुणी ना कुणी हे बोलून दाखवी. नीरा दुसऱ्या कुठल्याही शब्दाला दोन शब्द परत देई, या एकाला देत नसे. वर्षं गेली, मनुबाई गेली, आणि ते टोमणे ऐकता ऐकता शिवदासचे केस पिकले.

छत्तीस साली नलूच्या पोरीची हळद होती. मांडवात अनंताची बायको राही नीराला हळद लावता लावता म्हणाली, "अगो, तू हट्ट केला नसतास तर आज दर्याकाठच्या लाकडी बंगल्यात बसली असतीस, आनि ह्यो बिचारा छत्री धरून उन्हात बसला नसता." नीरानं नेहमीसारखी मान खाली घातली.

शिवदास उठून उभा राहिला. पोटात ताडीचा एक थेंब नव्हता. त्यानं टोपी काढली. "ती खोटं बोलली," तो मांडवाला म्हणाला. "माज्यासाठी बोलली. बंगला नव्हता. दर्या नव्हता. मी मेंढरं राखायचो. तारीख मना म्हाईत व्हती, मीच सांगितली न्हाय. तिला जायाचं व्हतं. तिला लय जायाचं व्हतं."

वाजंत्री थांबली. मग राहीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "बगा गो, बायकोला बोल लागू नये म्हनून मानूस सोताला मेंढपाळ म्हनवून घेतो!" सगळ्या बायका डोळे पुसू लागल्या. अनंतानं उठून शिवदासला मिठी मारली आणि म्हणाला, असं काळीज आपण जन्मात पाहिलं नाही. शिवदास ओरडून सांगत होता, खरं हाय, देवाशपत खरं हाय, आणि तो जितका ओरडे तितका लोकांना जास्तच उमाळा येत होता.

नीरानं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली ओढलं. तिच्या हाताची हळद त्याच्या सदऱ्याला लागली.

"बसा," ती म्हणाली. "खरं बोलनं तुमाना जमत न्हाय."